हरभऱ्याची आंब

हरभऱ्याची भाजी धुवायची नसते. हे ज्या बाईला ठाऊक नाही तिला मी भाजी देत नाही. म्हणजे देते, पण मनातून देत नाही. पाला खुडावा, नीट निवडावा आणि तसाच फोडणीत टाकावा. धुतला की त्याची आंब जाते, आणि आंब गेली की कढईत उरतो तो नुसता चारा. थंडीच्या दिवसांत हरभऱ्याच्या पानाला आंबट पाणी सुटतं, ते पहाटेच्या दवात मिसळतं आणि अनवाणी रानातून चाललं की पायाच्या भेगांना झोंबतं. ती आंब. शहरातल्या बायका नळाखाली धरून ती घालवतात आणि मग भाजीत चिंच टाकतात. त्यांना काय बोलणार!

आता जी भाजी धुवायची नाही तिच्यावर औषध फवारायचं नाही, हे मला वाटतं कुणालाही कळावं. माझ्या मुलाला ते कळायला दवाखाना बघावा लागला.

मी कुशाबाई. पाटसच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आहे. सासऱ्यांच्या वेळेपर्यंत आम्ही मेंढरं घेऊन शिरूरकडून भीमा उतरायचो आणि ज्याचं रान मोकळं असेल त्याच्या रानात मेंढरं बसवायचो. फिरून फिरून पाय थकले, तेव्हा इमामभाई शेखच्या वडिलांनी त्यांच्यातलं एकरभर रान आम्हाला दिलं. फुकट नाही दिलं, बाजारभावानं दिलं. पण धनगराला रान विकायला तेव्हा कोण राजी होतं? त्यामुळे शेखांच्या घरचा शब्द आमच्यात खाली पडत नाही. माझे मालक भैरू तर इमामभाईंपुढे आजही आधी उभे राहतात आणि मग बसतात.

ह्या एकरात दर हिवाळ्याला हरभरा. आधी भाजी खुडायची, मग घाटे भरले, म्हणजे शेंगा भरल्या, की झाडंच्या झाडं उपटून डहाळा विकायचा. दोन हजार एकच्या हिवाळ्यात अळी पडली. घाट्याला गोल भोक पाडून निम्मं अंग आत घालून खाते ती घाटेअळी. ज्योतिबानं, माझ्या मुलानं, मला न विचारता पाठीवर पंप घेतला आणि सगळं रान भिजवलं. दुसऱ्या दिवशी माझी सून मोनिका रानात गेली, चार झाडं उपटली आणि बांधावर बसून हिरवे हरभरे सोलून खाल्ले. हरभऱ्याच्या रानात जाऊन कोण खात नाही? देव आला तरी खाईल. दुपारी पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडाला फेस आला. दौंडच्या दवाखान्यात नेली. वाचली. पण तोवर ज्योतिबा बाहेरच्या बाकावर भिंतीला डोकं लावून बसला होता, आणि त्याच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नव्हता. मी त्याला शिव्या घालायला गेले होते. तशीच त्याच्या शेजारी टेकले.

त्या धसक्यानं त्यानं उसाचं काढलं.

"आये, हरभरा नको आता," तो म्हणाला. "औषध मारावं तर खाणारा मरतो, न्हाई मारावं तर अळी खाती. ऊस लावू. एकदा लावला की कारखान्यानं तोडून न्यावा. कुणी कच्चा खायला नको का काय नको."

"ऊस कच्चाच खात्यात, येड्या."

"तुझं आपलं कायतरी."

त्याचं चुकत होतं असं नाही. आमच्या चारी बाजूंना ऊसच आहे. पण उसात मी काय करू? पहिल्या खुरपण्या झाल्या की ऊस डोक्याच्या वर जातो आणि बाईला म्हणतो, जा आता घरी. तोडायला टोळी येते, न्यायला ट्रॅक्टर येतो. हरभऱ्यात माझं रोज काम. काय खुडायचं, कुठलं खुडायचं, कधी उपटायचं, हे मी ठरवते. सगळं तरुणपण मी दुसऱ्याच्या रानातून मेंढरांमागं चालले. जिथं पाय ठेवीन तिथं कुणीतरी हटकायचं. ह्या एका एकरात मला हटकणारं कुणी नव्हतं. तो एकर उसाखाली गेला असता तर मी भाकरी थापणारी एक म्हातारी उरले असते. मला तो हवा होता, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

भैरू मध्ये पडले. पुढच्या हिवाळ्याला एकदा बघायचं असं ठरलं. औषधाचा थेंब मारायचा नाही, आणि तरी संक्रांतीपर्यंत घाटे टिकले तर विषय बंद. किडले तर नांगर घालायचा आणि सुरूचा, म्हणजे संक्रांतीनंतर लावतात तो, ऊस लावायचा.

म्हणजे झाडानंच आपलं आपण बघायला हवं होतं. हरभऱ्याचा स्वभाव मला ठाऊक आहे, कारण तो माझाच आहे. लाडावला की मऊ पडतो, डिवचला की आंबट होतो. रोपं वीतभर झाली तेव्हा मी त्यांत कोकरं सोडली. ज्योतिबा बांधावरून ओरडत पळत आला.

"आये, डोकं फिरलं का तुझं? पेरलेल्यात मेंढरं?"

"शेंडं खाऊ दे. वरचं वर खात्यात ती."

आमच्यात ही जुनी रीत. सासरे म्हणायचे, मेंढराचं तोंड लागलं की हरभरा जागा होतो. शेंडा गेला की बाजूनं फांद्या फुटतात, आणि नव्या पानाला आंब जास्त येते. पूर्वी आमची मेंढरं कुणाच्या हरभऱ्यात शिरली की तो माणूस आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पुढे त्याच्याच रानात सगळ्यांत जास्त घाटे लागायचे. ते त्याला आम्ही कधी सांगितलं नाही. शिव्या देणाऱ्याला शहाणा कशाला करायचा? दोन सकाळी कोकरं फिरवली आणि मुळाला दात लागायच्या आत हाकलली.

मग कालव्याला पाणी सुटलं. शेजारपाजारच्यांनी दारं धरून पिकाला पाणी दिलं. ज्योतिबाही फावडं घेऊन निघाला, तर मी पाटावर आडवी उभी राहिले. फुलाआधी पाणी पाजलं की पान फुगतं आणि आंब पातळ होते. खतही मी घालू दिलं नाही. युरियानं हरभरा काळाभोर होतो, बघणाऱ्याला बरा दिसतो, आणि अळीलाही.

मार्गशीर्ष लागला तेव्हा आमचा हरभरा गुडघ्याच्याही खाली, पसरट, बारीक पानाचा झाला होता. देखणा म्हणावा असा मुळीच नव्हता. पण त्यातून चालून आलं की पोटऱ्या चरचरायच्या. मोनिकाची नवी चप्पल दोन दिवसांत पांढरी पडली. मी खूश होते. चपलेची हालत ही झाली तर अळीची काय होईल, असा माझा हिशोब होता.

तरी अळी आली.

पण त्याआधी इमामभाईंचं सांगायला हवं. ते रोज पहाटे यायचे. खांद्यावर मलमलचं पांढरं फडकं आणि हातात छोटा तांब्या. आमच्या वाटेकडेच्या ओळींवर ते फडकं अंथरायचे, वरून हलक्या हातानं थोपटायचे, भिजलं की उचलून तांब्यात पिळायचे आणि पुढच्या ओळीवर टाकायचे. पोटात वात धरला, अन्न जिरेनासं झालं, तर आंबेचे चार थेंब पाण्यातून घ्यावेत, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. इमामभाईंच्या पोटाचं दुखणं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. तेव्हापासून थंडी पडली की त्यांचा हा नेम. आणि आंब मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. तीही रीतच आहे.

आंब काढून झाली की ते आमच्या अंगणात शेकोटीला बसायचे. मी चहा द्यायची. भैरू आणि ते, दोघं मिळून दहा शब्द बोलत नसतील. एकजण काटकी सरकवणार, दुसरा हं म्हणणार. मग ऊन वर आलं की इमामभाई तांब्या घेऊन जायचे. मला ह्या दोघांचं हसू यायचं. पण ज्या दिवशी इमामभाई यायला उशीर करत, त्या दिवशी भैरू चार वेळा उठून वाटेकडे बघून येत, हेही मी बघत होते.

मार्गशीर्ष निम्मा झाला तेव्हा सुफिया आली. ही पाटसची, दौंडच्या बाजारात पालेभाजी घेऊन बसते. रोज सकाळी आमच्याकडून भाजी न्यायची. त्या दिवशी टोपली खाली ठेवून ती नुसतीच उभी राहिली.

"मावशी, रागावणार न्हाई ना?"

"आधी सांग, मग बघू."

"गिऱ्हाईक म्हणतंय भाजी फिकी लागती. एक बाई तर म्हणली, धुऊन आणली का?"

मला कुणी चोर म्हटलं असतं तरी इतका राग आला नसता. सुफियाला मी काय काय बोलले ते आता सांगत नाही. बिचारी टोपली भरून निघून गेली. राग ओसरल्यावर मी एक पान तोडून तोंडात टाकलं. सुफिया खोटं बोलत नव्हती. पान नुसतं गवत लागत होतं.

भाजी मी रोज वाटेकडच्या ओळींतून खुडायची. जवळ पडतं म्हणून. तशीच आत गेले, दहा-बारा ओळी ओलांडल्या आणि पुन्हा एक पान खाल्लं. दात आंबले. आणखी आत गेले, तोच आंबटपणा. परत कडेला आले आणि ह्या वेळी पान खायच्या आधी उलटून पाहिलं. पानांचा हिरवा भाग खरवडलेला, मध्ये बारीक विष्ठा, आणि शेंड्यात लपलेल्या कोवळ्या अळ्या. एका झाडावर चार, पुढच्यावर सहा. आत जाऊन पानापानांत शोधलं तर मोठ्या मुश्किलीनं एक सापडली, तीही मरतुकडी.

मी उभी राहिले. अजून ऊन यायचं होतं. सगळं रान दवानं पांढरं दिसत होतं, आणि वाटेच्या कडेनं तेवढा एक हिरवा, कोरडा पट्टा होता. जिथं जिथं इमामभाईंनी फडकं अंथरलं होतं, नेमका तिथंच.

आंब हेच तर झाडाचं औषध. मी कोकरं सोडून, पाणी तोडून ती वाढवायची, आणि आम्हीच रोज पहाटे ती दुसऱ्याच्या तांब्यात जाऊ द्यायची. कडेच्या ओळींच्या हातातली काठीच काढून घेतली होती आम्ही. आणि अळी काही कडेला बसून राहणार नव्हती. इथं पोसली की तिची पाखरं होणार आणि घाटे भरायच्या वेळेला आत पसरणार.

इमामभाई चहा पिऊन गेले तसं मी भैरूंना हाताला धरून नेलं आणि दाखवलं. त्यांनी पानं बघितली, कोरडा पट्टा बघितला. कळलं त्यांना. पण म्हणाले, "मी इमामला न्हाई म्हणणार न्हाई."

"मग रान जाईल."

"जाऊ दे की मग. त्यांच्या बापानं दिलेलंच हाय."

"बाजारभावानं दिलंय!"

ते घराकडे वळले. भैरू बोलायचे थांबले की त्यांच्याशी भांडता येत नाही, हा त्यांचा फार जुना दुर्गुण आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वाटेवर जाऊन उभी राहिले. इमामभाई आले. मला तिथं बघून त्यांना नवल वाटलं.

"काय वहिनी, आज लवकर?"

"इमामभाई, आजपास्नं आंब मिळायची न्हाई."

मी गोड बोलायचं ठरवून आले होते, पण माझ्या तोंडाला ते जमत नाही. मग मी त्यांना खाली बसवून पानं दाखवली, अळ्या दाखवल्या, आतलं एक पान तोडून त्यांच्या तोंडात घालायला दिलं. ज्योतिबाशी ठरलेली अटही सांगितली. ते ऐकत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, घडी घातली, आणखी एक घडी घातली.

"मला काय ठावं, वहिनी," ते म्हणाले. "माझ्या हातानं तुमचं नुस्कान झालं. माफ करा."

"माफी कशाची? तुम्ही चहाला चला."

"नको, आज नको."

रिकामा तांब्या घेऊन ते आल्या वाटेनं परत गेले. वयानं मोठ्या माणसाला, ज्याच्या घरच्या रानात उभी होते त्या माणसाला, मी रित्या हातानं पाठवलं. मला फार वाईट वाटलं. पण पुन्हा तशी वेळ आली असती तर पुन्हा तेच केलं असतं, हेही खरं आहे.

त्यानंतर इमामभाई आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, त्या आठवड्यातही नाही. भैरू शेकोटी पेटवायचे आणि एकटेच बसायचे. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. जेवताना आमटीत मीठ कमी पडलं तरी म्हणत नव्हते. मी मुद्दाम एकदा घातलंच नाही. तसंच जेवले.

मी सकाळ-संध्याकाळ कडेच्या ओळींतून अळ्या वेचत राहिले. रोज एक पान तोडून चव बघायची. तीन-चार दिवसांत आंबटपणा परतू लागला. पण ज्या अळ्या आधीच दांडग्या झाल्या होत्या त्यांना आता आंबेचं काही वाटत नव्हतं. साळुंक्या आल्या, बगळे आले, त्यांनी पोटभर खाल्ल्या. वाटेकडच्या सात-आठ ओळी वाचल्या नाहीत. त्याच्या आत मात्र कीड फारशी शिरली नाही. घाटे लागले, फुगले, भोगीच्या आदल्या दिवशी उपटायला आले. सुफिया रिक्षा घेऊन आली आणि डहाळ्याच्या पेंड्या भरून घेऊन गेली. जाताना एक घाटा सोलून तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तेवढं मला पुरेसं होतं.

ज्योतिबा संध्याकाळी रानात उतरला. उरलेल्या पिकात ओळीओळीनं बसत, घाटे उलटेपालटे करत तो पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला. मी लांबून बघत होते. परत आला तेव्हा त्याच्या हातात किडलेले घाटे होते, पण मूठही भरली नव्हती.

"कडंचं गेलं," तो म्हणाला. "आतलं चांगलं हाय."

"मग विषय बंद?"

तो खाली बसला. "आये, यंदा थंडी बरी पडली. आभाळ आलं न्हाई. पुढच्या साली आभाळ आलं, पाऊस पडला, आंब धुऊन गेली, तर? दरसाली मी असा जीव मुठीत धरून बसू का? मोनिकाला तवा मी बघितलंय. तू मागनं आलीस. न्हेताना गाडीत मी तिचे हात धरून बसलो हुतो."

"शब्द दिला हुतास तू."

"व्हय, दिला हुता. पर मला भ्या वाटतं."

लबाडी केली असती तर मी त्याला सोडला नसता. पण तो खरं बोलत होता. किंक्रांत झाली की कारखान्यावर जाऊन उसाची नोंद करायची, असं तो म्हणाला. मोनिका चुलीपुढे बसून सगळं ऐकत होती. भैरूही ऐकत होते. मी एवढी भांडकुदळ बाई, पण उठून तीळ निवडायला घेतले. तीळगूळ वाटला, गोड बोला म्हणाले सगळ्यांना, आणि मनात सारखं येत होतं की हा माझा शेवटचा हरभरा.

किंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठले. घाटे भरून निबर व्हायला लागले होते, आता आंब काढली तरी झाडाला काही फरक पडणार नव्हता. माझ्या जुन्या लुगड्याचा स्वच्छ धुतलेला तुकडा घेतला आणि आतल्या, भर आंबट ओळींवर अंथरला. थोपटला, उचलला, पिळला. बाटली भरेपर्यंत बोटांच्या चिरा नुसत्या पेटल्या होत्या. रान तर चाललंच होतं. निदान इमामभाईंच्या पोटाला तरी त्यातलं काही मिळावं असं मला वाटलं. त्यांना परत पाठवलं मी, तेव्हा त्यांच्या दारात जायचं ते मीच.

ज्योतिबा कारखान्यावर जायला मोटारसायकलला किक मारत होता. मी म्हटलं, "वाटंत मला इमामभाईंकडं सोड." त्यानं एकदा बाटलीकडे बघितलं आणि मागे बस अशी मान हलवली.

शेखांच्या घरी मी बऱ्याच दिवसांनी जात होते. वाट मला ओळखूच आली नाही. इम्तियाजनं आणि सोहेबनं, इमामभाईंच्या मुलांनी, होतं नव्हतं ते सगळं रान उसाखाली घातलं होतं. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये गाडीपुरती चाकोरी. घर अगदी जवळ येईपर्यंत दिसलं नाही. अंगणाला लागूनच ऊस उभा होता, आणि त्याच्याकडे तोंड करून इमामभाई बाजेवर बसले होते. करायला काही नसलेला माणूस जसा बसतो तसे.

"या वहिनी," ते गडबडीनं उठले. "भैरू बरा हाय ना?"

"बरं हायत. ही घ्या." मी बाटली पुढे केली. "पहिल्या धारेची हाय. पोटाला घ्या."

इमामभाईंनी बाटली हातात घेतली आणि खाली बघायला लागले. आतून त्यांची बायको, खुर्शिदभाभी, पाणी घेऊन आली. तिनं बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला.

"आनखी एक? अहो कुशाबाई, ह्यांच्या पोटाला काय धाड भरलीया? लोखंड खाल्लं तरी पचंल. दोन वर्सांखाली आठ दिस दुखलं, तवाच बरं झालं. या, दाखविते."

तिनं मला ओढत आत नेलं. फळीवर बाटल्या मांडल्या होत्या. औषधाच्या, सरबताच्या, तेलाच्या धुतलेल्या बाटल्या, सगळ्या बुचं लावून, आणि सगळ्यांत आंब. मागच्या साली माझ्या हरभऱ्यावरून पुसून आणलेली, ह्या साली पुसून आणलेली. थेंब वापरलेला नव्हता.

मी बाहेर आले ती तापूनच. "इमामभाई! कडंच्या आठ ओळी गेल्या माझ्या! पोट दुखत न्हवतं तर आंब कशाला नेत हुता?"

इमामभाई बाजेच्या काठावर बसले. बाटलीचं बूच फिरवत राहिले.

"मग यायचं कसं?" ते म्हणाले. "पोरांनी चौकडं ऊस लावला. पाणी पोरं बघत्यात, तोडायला टोळी येती. सकाळी उठून मी जायचं कुठं? जिकडं बघावं तिकडं ही उसाची भिंत. तुमचं तेवढं एक रान गुडघ्याएवढं हाय. तिथं उभं राह्यलं की लांबवर दिसतं. माणूस दिसतं. भैरू दिसतो. पर रोज नुसतंच कसं यावं? म्हाताऱ्याला काय उद्योग न्हाई म्हणतील लोकं. हातात फडकं असलं म्हंजी कामानं आल्यागत वाटतं."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. मला जे भय महिनाभर खात होतं, ते हा माणूस रोज सकाळी ह्या बाजेवर बसून जगत होता, आणि मी त्याला वाटेवरून परत पाठवलं होतं. माझे डोळे भरून आले. मग राग आला, कारण रागावल्याशिवाय मला रडू आवरत नाही.

"उद्याच्याला चहाला यायचं," मी म्हटलं. "फडकं घरी ठिवून यायचं. उद्योग लागत आसंल तर खुरपं देते. आन् न्हाई आला तर मी भैरूंना इकडं पाठवीन, त्ये दिवसभर हं हं करत बसतील, मग भाभी मला शिव्या देतील."

इमामभाई हसले. "येतो," म्हणाले.

ज्योतिबानं गाडी कधी बंद केली होती मला कळलं नाही. तो अंगणाच्या तोंडाशी उभा होता आणि घराला लागून उभ्या असलेल्या उसाकडे बघत होता. मग त्यानं वर पाहिलं, जिथं उसाच्या तुऱ्यांमध्ये आभाळाची एक चिंधी दिसत होती.

आम्ही निघालो. चाकोरी संपली की रस्ता फुटतो. डावीकडे कारखाना, उजवीकडे आमची वस्ती. मी म्हटलं, "मला हितंच उतरीव, जाईन मी चालत." तो थांबला नाही. त्यानं उजवीकडे वळवली. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्यानं पुन्हा विचार केला असता.

कालव्याचा पूल ओलांडल्यावर आमचं रान दिसायला लागलं. पलीकडच्या बांधावर भैरू कोकरं घेऊन उभे होते, आणि अंगणात मोनिका वाळत घातलेली धुणी झटकत होती. एवढ्या लांबून दोघंही स्पष्ट दिसत होते.

ज्योतिबानं मान थोडी मागे केली. "आये," तो म्हणाला, "पुढच्या साली बियाणं घरचंच ठिवायचं का नवं आणायचं?"

मी मागे बसले होते म्हणून त्याला माझं तोंड दिसलं नाही. रडत होते मी, चांगली पदर तोंडाला लावून.

"तू म्होरं बघून गाडी चालीव," मी म्हटलं. "बियाणाचं मी बघते."